फोनवरचा डॉक्टर आणि घरातले हात

“काका, कफ नीट आहे ना?” स्क्रीनवरच्या डॉक्टरबाईंनी विचारलं.

“कफ अजिबात नाही,” अण्णा म्हणाले. “खोकलासुद्धा नाही.”

बाई विचारत होत्या बीपीच्या मशीनच्या पट्ट्याबद्दल, दंडाला बांधतात त्या. जानेवारीतली वाईची सकाळ, त्यामुळे तो पट्टा अण्णांनी स्वेटरवरून बांधलेला. स्वतः कॉटच्या कडेवर बसलेले, पाय लोंबकळत, पट्टा बांधलेला हात हवेत आणि दुसऱ्या हातात मोबाइल. मशीन फुगत असताना आईला सांगणं चालू, “अगं तो चष्मा दे.” वरचा आकडा आला 164. मी पुण्याहून त्याच कॉलवर होते. मला वाटलं, झालं, आता गोळी वाढणार.

बाईंनी गोळी वाढवली नाही. अण्णांना आधी लघवीला जाऊन यायला सांगितलं. मग पाठ टेकता येईल अशा खुर्चीत बसवलं, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही. स्वेटर काढून पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पाच मिनिटं कुणीही बोलायचं नाही, आईनेसुद्धा. मग 142 आला. मिनिटभराने पुन्हा घेतला, 138.

त्या दिवशी 164 वर विश्वास ठेवून औषध वाढलं असतं आणि पुढच्या आठवड्यात अण्णा पहाटे बाथरूमला जाताना चक्कर येऊन पडले असते, तर त्यात चूक गोळीची नसती. स्वेटरची असती.

घरबसल्या मिळणाऱ्या वैद्यकीय सेवेबद्दल बोलताना सगळे ॲपबद्दल बोलतात, नेटवर्कबद्दल बोलतात. माझ्या मते त्यातला व्हिडिओ कॉल हा सगळ्यात सोपा भाग. अवघड भाग आहे कॅमेऱ्याच्या अलीकडे: पट्टा कोण बांधतं, आकडा कोण लिहितं, आणि “आता फोन पुरे, गाडी काढा” हे कोण ठरवतं.

आधी एक गोंधळ दूर करू. ‘घरी उपचार’ या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात. एक, डॉक्टरशी फोनवर किंवा व्हिडिओवर बोलणं. दोन, घरातल्या यंत्रांवरचे आकडे दूरच्या डॉक्टरपर्यंत पोचणं, मग ते आपोआप पोचोत नाहीतर आईने वहीत लिहून फोटो पाठवलेला असो. तीन, माणूसच घरी येणं: रक्त घेणारा मुलगा, ड्रेसिंग करणारी सिस्टर, फिजिओथेरपिस्ट. यातलं एकच असेल तर त्याचा उपयोग मर्यादित राहतो. तिन्ही जुळून आली की मगच दवाखान्यातलं काम घरी होऊ लागतं.

कल्पना काही आजची नाही. 1905 साली नेदरलंड्समधल्या लायडन शहरात विलेम आइंटहोवेन या शास्त्रज्ञाने रुग्णालयातल्या पेशंटचा ईसीजी टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटर लांबच्या आपल्या प्रयोगशाळेत काढला. त्याचं यंत्रच इतकं अवजड होतं की ते पेशंटकडे नेणं शक्य नव्हतं, म्हणून पेशंटच्या हृदयाचे संदेश यंत्राकडे आणले. भारतात या गोष्टीने मूळ धरलं ते 2000-2001 च्या सुमारास, आंध्रातलं अरगोंडा हे गाव चेन्नईच्या मोठ्या रुग्णालयाशी उपग्रहाने जोडलं गेलं तेव्हा. इस्रोचा त्यात हात होता. पण त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं हे काम रुग्णालयापासून रुग्णालयापर्यंतच राहिलं. घराच्या उंबऱ्यावर ते अडलं, आणि अडायला कायद्याची धास्ती हे मोठं कारण होतं.

2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर रत्नागिरीचं एक प्रकरण आलं. बाळंतपणानंतर त्रास होऊ लागलेल्या बाईला डॉक्टर जागेवर नसताना फोनवरून औषधं सांगितली गेली आणि पुढे ती दगावली, असं ते प्रकरण. न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला, आणि निदान न करता औषध लिहून देण्याबद्दल कडक शब्द वापरले. त्यानंतर महाराष्ट्रातले कितीतरी डॉक्टर फोनवर साधी क्रोसिनसुद्धा सांगायला कचरू लागले. त्यांची चूक म्हणता येणार नाही. फोनवर काय चालतं आणि काय नाही, हे सांगणारा नियमच कुठे लिहिलेला नव्हता.

तो नियम आला 25 मार्च 2020 ला. देशभर टाळेबंदी लागली त्याच दिवशी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली. वाचायला कंटाळवाणी आहेत, पण पेशंटच्या बाजूने त्यातल्या चार गोष्टी माहीत असायलाच हव्यात.

पहिली, फोनवरच्या डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दाखवायचा असतो, तो चिठ्ठीवरही असला पाहिजे. नसेल तर विचारायला लाजू नका. दुसरी, तुम्हीही स्वतःचं नाव-वय खरं सांगायचं. आईच्या नावाने बहिणीचं दुखणं दाखवणं हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार; डोस वयावर आणि वजनावर ठरतो, तेव्हा यात धोका आहे. तिसरी गोष्ट औषधांच्या याद्यांची. तापाची पॅरासिटॅमॉल किंवा जुलाबावरचं ओआरएस यासारखी साधी औषधं नुसत्या आवाजी फोनवरही सांगता येतात. काही औषधं पहिल्यांदा द्यायची तर व्हिडिओवर पेशंट दिसायला हवा. काही फक्त त्याच डॉक्टरला त्याच दुखण्यासाठी गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष दाखवलेलं असेल तरच वाढवता येतात. आणि शेड्यूल ‘एक्स’ या कडक नियंत्रणाच्या यादीतली, तसंच अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधं, थोडे अपवाद सोडले तर, बंद. त्यामुळे “अहो, दोन वर्षं तीच गोळी घेतोय, फक्त लिहून द्या” म्हटल्यावर डॉक्टर नाही म्हणाले, तर ते आखडूपणा करतायत असं समजू नये.

चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फोनवर भागणार नाही असं डॉक्टरला कोणत्याही क्षणी वाटलं, तर “येऊन दाखवा” म्हणण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. पोटदुखीचंच घ्या. अपेंडिक्स आहे की नुसता गॅस, हे कळायला डॉक्टर पोटावर हात दाबतो आणि झटकन सोडतो. सोडताना कळ आली तर तो सावध होतो. हा हात अजून कुठल्याही फोनमधून बाहेर येत नाही.

सरकारी बाजूला ‘ई-संजीवनी’ आहे, मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने बांधलेली. 2019 च्या नोव्हेंबरात ती सुरू झाली आणि घरून थेट डॉक्टरला गाठण्याची सोय 13 एप्रिल 2020 ला आली. फेब्रुवारी 2023 मध्ये तिने दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. शहरातल्या लोकांना वाटतं की हे सगळे मोबाइलवर बोट फिरवणारे. पण या सेवेचा मोठा भाग गावातल्या उपकेंद्रावर चालतो. तिथे सीएचओ असतात, समुदाय आरोग्य अधिकारी. ते पेशंटला समोर बसवतात, बीपी-शुगर स्वतः तपासतात, मग पलीकडच्या डॉक्टरला जोडून देतात. म्हणजे दूरच्या डॉक्टरला इथे दोन हात उसने मिळतात. मी स्वतः ई-संजीवनीच्या या रूपाला घरून केलेल्या कॉलपेक्षा जास्त मार्क देईन.

आता यंत्रं. इथे थोडं थांबायला हवं, कारण आज ती घराघरांत आहेत आणि त्यांच्या आकड्यावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात.

बीपीचं मशीन मनगटाचं नको, दंडाचं घ्या. पट्ट्याचं माप दंडाला जुळायला हवं. जाड दंडावर लहान पट्टा बसवला की आकडा खोटा वाढतो. चहा-कॉफी घेतल्यावर अर्धा तास थांबायचं. घरचं बीपी आणि दवाखान्यातलं बीपी यांची पट्टीही एक नाही. दवाखान्यात 140/90 ही रेघ मानतात, घरी 135/85. पांढरा कोट समोर दिसला की पुष्कळांचं बीपी चढतं, म्हणून हा फरक. औषध बदलायचं असेल तर डॉक्टर साधारण आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा घेतलेले आकडे मागतात, पहिला दिवस सोडून देतात आणि उरलेल्यांची सरासरी काढतात. एक सुटा आकडा म्हणजे रस्त्यावर ओझरता दिसलेला चेहरा. त्यावरून माणूस ओळखू नये.

ऑक्सिमीटर करोनाने आपल्याला शिकवला. बोटातून तो दोन प्रकारचा प्रकाश सोडतो, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन भरलेलं रक्त लाल प्रकाश कमी शोषतं आणि अवरक्त जास्त. ऑक्सिजन नसलेल्या रक्ताचं उलट. या दोहोंच्या गुणोत्तरावरून टक्केवारी निघते. ही युक्ती 1970 च्या दशकात जपानच्या ताकुओ आओयागींनी शोधली. ज्या साथीत त्यांचं यंत्र घराघरांत पोचलं, त्याच साथीच्या सुरुवातीला, एप्रिल 2020 मध्ये ते वारले. साथीत 94 च्या खाली गेलं की दवाखाना गाठायचा, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ झालं होतं. पण नेलपॉलिश असेल, मेंदी गडद असेल किंवा हात गार पडलेले असतील, तर आकडा फसवतो. आणि कातडी सावळी असेल तर हे यंत्र काही वेळा ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं. 2020 च्या अखेरीस अमेरिकेतल्या एका अभ्यासात हे स्पष्ट दिसलं. आपल्यापैकी बहुतेकांची कातडी कशी आहे ते सांगायला नको. म्हणून दम लागत असेल आणि आकडा 96 असेल, तर दम खरा मानावा.

शुगरच्या मशीनला तर चुकायची रीतसर मुभाच आहे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे 100 च्या वरच्या आकड्यात 15 टक्के इकडेतिकडे चालतं. खरी साखर 200 असेल तर मशीनने 172 दाखवली काय किंवा 228, मशीन पासच. त्यामुळे काल 180 आणि आज 195 म्हणून घरात रडारड नको. मात्र बोट धुऊन पुसून घ्या. मे महिन्यात आईने हापूस चिरून दिला आणि त्याच हाताने स्वतःचं बोट टोचून घेतलं, तेव्हा मशीनवर तीनशेच्या वर आकडा आला. हात धुतल्यावर 150 च्या आसपास. ती साखर रक्तातली नव्हतीच, आंब्याची होती. आणि स्ट्रिप्सच्या डबीचं झाकण लगेच लावत जा. कोकणातल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली डबी कामातून गेलीच म्हणून समजा.

मनगटावरच्या घड्याळातल्या ईसीजीबद्दल एकच सांगते. ते हृदयाचे अनियमित ठोके पकडू शकतं, हार्ट अटॅक पकडू शकत नाही. ते एकाच कोनातून पाहतं; अटॅकसाठी बारा लीडचा, म्हणजे बारा कोनांतून पाहणारा ईसीजी लागतो. घड्याळाने ‘सर्व ठीक’ म्हटलं म्हणून छातीतली कळ अंगावर काढू नये.

यापुढची पायरी म्हणजे रुग्णालयच घरी आणणं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी 1990 च्या दशकात हे सुरू केलं: एरवी ज्यांना वॉर्डात ठेवलं असतं, अशा निवडक वृद्ध पेशंटना घरीच सलाईन, घरीच ऑक्सिजन, रोज डॉक्टर-नर्सची फेरी. नोव्हेंबर 2020 मध्ये तिथल्या सरकारने रुग्णालयांना त्याचे पैसे द्यायला सुरुवात केल्यावर ते पसरलं. इंग्लंडात याला ‘व्हर्च्युअल वॉर्ड’ म्हणतात. निवडक हा शब्द इथे महत्त्वाचा. घरात शौचालय लांब असेल, वीज जात असेल, रात्री सोबतीला कुणी नसेल, तर हा पेशंट त्यात बसत नाही.

आपल्याकडे याचं शांतपणे चालणारं उदाहरण म्हणजे घरचं डायलिसिस, पोटातलं. किडनी गेलेल्या माणसाला रक्ताच्या डायलिसिससाठी बहुधा आठवड्यातून तीनदा केंद्रावर जावं लागतं. तालुक्यापासून लांब राहणाऱ्याचा येण्याजाण्यात अख्खा दिवस जातो, मजुरी बुडते ती वेगळीच. पोटातल्या डायलिसिसमध्ये एका नळीतून साधारण दोन लिटर द्रव पोटात सोडतात, काही तास ठेवतात आणि काढून घेतात, दिवसातून तीन-चार वेळा. घरातली बाई किंवा पेशंट स्वतः हे शिकतो. शिकताना नर्स एक साधी युक्ती सांगते: बाहेर आलेली पिशवी वर्तमानपत्रावर ठेवा. आरपार अक्षरं वाचता आली तर ठीक. अक्षरं धूसर दिसली तर द्रव गढूळ झालाय, पोटात जंतू शिरल्याची शंका, लगेच फोन. यात एक फोन आहे, एक शिकलेला माणूस आहे आणि कधी घाबरायचं याचा एक स्पष्ट नियम आहे. घरच्या उपचाराला एवढंच लागतं, आणि एवढंच पुष्कळदा नसतं.

शिकलेला माणूस म्हटलं की मला गडचिरोली आठवते. तिथे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळं सांभाळायला शिकवलं: वजन करायचं, अंग गार पडलंय का पाहायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची, वेळ आलीच तर इंजेक्शन द्यायचं. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांप्रमाणे नवजात मृत्यूंत शेजारच्या तुलनेतल्या गावांपेक्षा 62 टक्के घट झाली. तिथे ना व्हिडिओ होता ना ॲप. पुढे हीच पद्धत देशभर आशाताईंच्या गृहभेटींत आली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे त्यांच्या बेचाळीस दिवसांत सहा फेऱ्या ठरलेल्या असतात. दूरस्थ आरोग्यसेवेवरच्या चकचकीत सादरीकरणांत या बायका दिसत नाहीत, याचं मला नवल वाटत नाही. वाईट मात्र वाटतं.

शहरी घरांत ही जागा कोण भरतं? बहुतेक वेळा सून, मुलगी नाहीतर बायको, बिनपगारी. रुग्णालयाचं बिल कमी झालं म्हणतात, तेव्हा त्यातलं थोडं काम गायब झालेलं नसतं, ते घरातल्या कुणाच्या तरी झोपेतून वजा झालेलं असतं. ज्यांना परवडतं ते नर्सिंग ब्यूरोतून माणूस आणतात. तिथे एक भेद लक्षात ठेवायचा. आंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या, कूस बदलणाऱ्या मावशी वेगळ्या, आणि एएनएम-जीएनएम हे नर्सिंगचे कोर्स झालेली, नर्सिंग कौन्सिलकडे नोंद असलेली सिस्टर वेगळी. इंजेक्शन, सलाईन, नळीतून भरवणं ही कामं मावशींकडून करून घेणं हा त्यांच्यावरही अन्याय आहे. आणि विम्याची पॉलिसी काढून त्यात ‘डोमिसिलिअरी’ हा शब्द शोधा. सहसा तीन दिवसांपेक्षा जास्त चाललेले घरचे उपचारच त्यात धरतात, तेही पेशंटला हलवता येत नसेल किंवा रुग्णालयात जागा नसेल तर. सोयीसाठी घरी राहिलात तर ते पैसे मिळतीलच असं नाही.

काही दुखण्यांना मात्र फोन खरंच जास्त मानवतो. मन हे त्यातलं पहिलं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा 14416 हा नंबर ऑक्टोबर 2022 पासून आहे, मराठीतही बोलता येतं. लहान गावात मानसोपचार तज्ज्ञाच्या पायऱ्या चढताना कुणी पाहिलं तर काय, ही भीती तिथे नसते. जुनी शुगर, जुनं बीपी, रिपोर्ट दाखवणं, ऑपरेशननंतरची जखम पाहणं, यालाही फोन उत्तम. रिपोर्टचा फोटो मात्र पूर्ण काढा. अण्णांच्या पहिल्या फोटोत तारीखच कापली गेली होती. आणि तो डॉक्टरांनाच पाठवा. आमच्याकडे तो कुटुंबाच्या ग्रुपवर गेला आणि अण्णांच्या लघवीच्या तपासणीवर नाशिकच्या मामांनी मत दिलं.

उलट काही वेळी व्हिडिओ कॉल लावणं म्हणजे हातातला वेळ घालवणं. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय: हा लकवा असू शकतो, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीपासून साधारण साडेचार तासांतच देता येतं. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय, घाम फुटलाय, कळ जबड्यात किंवा हातात जातेय. बाळ दूध ओढत नाही आणि सुस्त पडलंय. अशा वेळी 108. डॉक्टरला फोन करायचाच तर गाडीत बसल्यावर करा.

आमच्या घरी आता अण्णांचं बीपी भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतं. दुधाचे लिटर आणि चतुर्थीचा चंद्रोदय यांच्यामध्ये आई बारीक अक्षरात दोन आकडे लिहिते, आणि महिन्याअखेरीस मी त्या पानाचा फोटो डॉक्टरबाईंना पाठवते. मागच्या महिन्यात फोटो पाहून बाई म्हणाल्या, “काका, आकडे छान आहेत. पण अकरा ते पंधरा तारीख रिकामी कशी?”

अण्णांनी आईकडे पाहिलं.

“मी साताऱ्याला बहिणीकडे गेले होते,” आई म्हणाली.